गोळ्यापासून गाळ्यापर्यंत

‘कारखाना’ हा शब्द कानी पडताच आज आपल्या डोळ्यांसमोर धुराडे, भोंगा आणि पाळीगणिक फाटकातून आत-बाहेर करणारी माणसे उभी राहतात. परंतु ज्या काळी हा शब्द फारसीतून आपल्या दफ्तरांत आला आणि येथेच रुळला, त्या काळी त्याची व्याप्ती याहून पुष्कळ मोठी होती. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवस्थेत बारा महाल आणि अठरा कारखाने गणले जात, आणि त्या अठरांत जवाहिरखाना, मुदपाकखाना, फरासखाना, पीलखाना यांच्या पंक्तीला तोफखाना आणि दारूखाना हेही मानाने बसलेले असत. जिन्नस पैदा करणे, तो कोठारात जपणे, त्याचा हिशेब राखणे आणि हुकूम होताच तो छावणीत हजर करणे, ही सारी कामे त्या एका शब्दाच्या पोटात मावत. लढणे आणि घडवणे या दोन परक्या माणसांच्या, परक्या गावांच्या आणि वेगवेगळ्या वेतनाच्या गोष्टी आहेत, ही समजूत मागाहूनची, बहुधा इंग्रजी अमदानीतली. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या इतिहासाकडे मी जेव्हा जेव्हा वळतो, तेव्हा तेव्हा मला राहून राहून हेच जाणवते की, या मुलखात शिपाई आणि कारागीर यांची गाठ वारंवार पडली, वारंवार सुटली, आणि सुटली तेव्हा त्याची किंमत दोघांनाही मोजावी लागली.

धातूच्या माणसाची पत जुन्नरात फार जुनी. नाणेघाटाने कोकणातून वर चढणारा माल या पेठेत उतरे, आणि पेठेभोवतीच्या डोंगरांत जी दोनशेहून अधिक लेणी कोरली गेली त्यांच्या शिलालेखांत राजपुरुषांपेक्षा उदमी आणि हुन्नरी लोकांचीच वर्दळ अधिक दिसते. धान्यविक्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके अर्पण केल्याचा लेख तेथे आहे. दुसऱ्या एका लेखात बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवून तिचे दरमहा उत्पन्न धर्मकार्यास लावून दिले आहे. आपली कायमची ठेव जो दाता कांस्यकारांच्या मंडळीच्या हवाली निर्धास्तपणे करतो, त्याच्या लेखी ती मंडळी आजच्या पेढीइतकीच भरवशाची असली पाहिजे. पुढे मुसलमानी अमलात येथले कागदी नावारूपाला आले आणि जुन्नरी कागदाने पेशवाईच्या दफ्तरांशी घरोबा केला. तो कागद ज्याने हाताळला आहे त्याला त्याचा घोटीवपणा आणि चिवटपणा बोटांनीच कळतो. परंतु कागदाचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि मला जायचे आहे ते लोखंडाकडे.

निजामशाहीचा उगमही जुन्नरचाच. मलिक अहमदाने १४९० मध्ये बहामनी सत्तेचे जोखड झुगारले तेव्हा त्याचे बळ या मुलखात आणि शिवनेरीच्या आश्रयाला होते. राजधानी अहमदनगरला गेली ती त्यानंतर. त्या अहमदनगरात १५४९ साली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ओतली गेली, जी आज विजापूरच्या बुरुजावर सिंहाच्या जबड्यात हत्ती धरून बसली आहे. ती ओतणारा उस्ताद रूमी, म्हणजे तुर्कांच्या मुलखातून आलेला. आणि निजामशाही तोफखान्याशी ज्या रूमी खानाचे नाव कायमचे जोडले गेले आहे तो केवळ ओतारी नव्हता, तर तोफांच्या रांगा लावून शत्रूसमोर उभा राहणारा सरदार होता. तालिकोटच्या लढाईत १५६५ साली विजयनगरची फौज अगदी अंगावर आली तेव्हा त्याने तोफांत तांब्याची नाणी भरून ती डागली, असे फेरिश्ता लिहितो. तोफेच्या पोटात काय चालेल आणि काय चालणार नाही, हे ज्याने ती घडताना पाहिले आहे अशा माणसालाच ऐन वेळी असले काही सुचते. लढाई पाहिलेला माणूस भट्टीशी बसला म्हणजे काय घडते, याचा आपल्याकडचा हा बहुधा सर्वांत ठसठशीत दाखला होय.

यानंतर दोन शतके ओलांडून पेशवाईत येऊ. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे गेले त्याचा हिशेब आपण माणसांत मांडतो, आणि तो तसाच मांडला पाहिजे. परंतु त्या दिवशी इब्राहिमखान गारद्याबरोबर एक सुसज्ज तोफखानाही गेला, ही गोष्ट राज्य चालवणाऱ्यांना विसरता येण्याजोगी नव्हती. थोरल्या माधवरावांनी गादी सांभाळली ती अशा अवस्थेत, आणि दोन-तीन वर्षांतच एकीकडे निजाम तर दुसरीकडे हैदर, असे दोन आघाड्यांचे काम त्यांच्या अंगावर पडले. कर्नाटकातल्या मोहिमा म्हणजे गढ्या आणि किल्ले घेण्याच्या मोहिमा. तेथे घोडदळाची चपळाई तटाच्या भिंतीशी जाऊन थबकते. तोफा हव्यात, आणि तोफांपेक्षाही गोळे हवेत, कारण तोफ दहा वर्षे टिकते, गोळा एकदाच कामास येतो. या निकडीतून इ. स. १७६५-६६ मध्ये जुन्नर प्रांती, ओतूर परगण्यातील आंबेगव्हाण येथे तोफेचे गोळे करण्याचा सरकारी कारखाना निघाला. पुढे पुण्यातही तसा कारखाना उभा राहिला, पण पहिला मान या डोंगराकडेच्या गावाचा.

नावाचा घोटाळा येथेच निस्तरलेला बरा. आंबेगव्हाण निराळे आणि आंबेगाव निराळे. आंबेगव्हाण हे जुन्नर तालुक्यातले, ओतूरच्या परिसरातले गाव. आंबेगाव हे घोड नदीच्या खोऱ्यातले गाव, ज्याने आपले नाव शेजारच्या तालुक्याला दिले आणि स्वतः मात्र डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावी, बाजाराची गजबज मंचरला, आणि ज्याच्या नावाने सातबारा निघतो ते गाव पाण्यात, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

गोळ्यांच्या कारखान्यासाठी पुणे सोडून इतक्या दूरची जागा का मुकरर झाली असावी? माझा तर्क असा की, याचे उत्तर लोखंडात नसून कोळशात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्याच्या दगडात लोह असते, आणि ते गाळणारे धावड लोक घाटमाथ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वावरत. महाबळेश्वरच्या धावडांच्या भट्ट्यांना पुढे इंग्रजांनी रान वाचवण्यासाठी बंदी घातली, हे सर्वश्रुत आहे. एक मण लोखंड गाळायचे तर त्याच्या कित्येक पट कोळसा लागतो, आणि गाळलेले लोखंड पुन्हा तापवून घडायचे तर तितकाच आणखी. लोखंड बैलाच्या पाठीवर घालून कोठेही नेता येते. कोळसा वाटेतच चुरा होऊन निम्मा गोणीतून गळतो. म्हणून शहाणा कारखानदार लोखंडाला रानाकडे नेतो, रानाला लोखंडाकडे आणत नाही. माळशेज घाटाकडील दाट झाडी, आसपास असलेले हडसर, चावंड, जीवधन, शिवनेरी यांसारखे किल्ले, आणि शत्रूच्या वाटेपासून सुरक्षित अंतर, हे सारे आंबेगव्हाणच्या पथ्यावर पडले असले पाहिजे.

आता गोळा म्हणजे काय आणि तो होतो कसा, हे जरा जवळ जाऊन पाहिले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. आपल्याकडील जुन्या भट्टीत, बकऱ्याच्या कातड्याचे भाते कितीही नेटाने हाणले तरी, लोखंड पाण्यासारखे पातळ होत नसे. भट्टी फोडल्यावर तिच्या तळाशी मळीने बरबटलेला, स्पंजासारखा सच्छिद्र लोळा सापडे, आणि तो लालबुंद असतानाच घणाखाली घालून त्याची मळी पिळून काढावी लागे. असे लोखंड मऊ, चिवट आणि नांगराच्या फाळाला किंवा तलवारीच्या पात्याला उत्तम. परंतु ते साच्यात ओतता येत नाही. ओतीव लोखंडासाठी उंच भट्टी आणि जबर वारा लागतो, आणि ती विद्या युरोपात तेव्हा कधीच घरोघरी झाली होती. त्यामुळे आपल्याकडे मोठ्या तोफा एक तर पंचधातूच्या ओतल्या जात, नाही तर लोखंडी पट्ट्या आणि कडी जोडून घडल्या जात. आणि देशी लोखंडाचा गोळा करायचा म्हणजे तो लोहाराने तापवून, फिरवून, ठोकून गोल आणायचा. ज्याने कधी कणकेचा गोळादेखील बिनचूक गोल करून पाहिला आहे, त्याला या कामाचा अदमास येईल. घणाच्या प्रत्येक घावाने एक बाजू सपाट होते. ती मोडायला दुसरा घाव, दुसरीची खोड काढायला तिसरा. आणि लोखंड मध्येच काळे पडले की पुन्हा भट्टीत.

बरे, गोळा नुसता गोल असून भागत नाही, तो तोफेच्या नळीत बसावा लागतो, आणि बसूनही थोडा सैल राहावा लागतो. तो जाड झाला तर अर्ध्यावर अडकतो, आणि मागची दारू पेटली की तोफच फुटून गोलंदाजाचा घात होतो. तो बारीक झाला तर दारूचा जोर त्याच्या कडेने निसटतो, गोळा नळीच्या भिंतींवर उजवीकडे-डावीकडे आदळत बाहेर पडतो, नळीला खरवडतो आणि भलत्याच दिशेला जातो. अंगावर उंचवटे असलेला गोळा तर दोन्ही दोष एकाच वेळी करतो. म्हणजे गोळ्याचे खरे माप आंबेगव्हाणच्या भट्टीवर ठरत नसून शेकडो कोसांवर उभ्या असलेल्या तोफेच्या तोंडात ठरत असते, आणि त्या दोहोंच्या मध्ये जो माणूस ये-जा करतो, तोच खरा कारखाना.

असा माणूस नसला म्हणजे काय होते, याचे चित्र एका परक्याने लिहून ठेवले आहे. १७९० च्या सप्टेंबरात परशुरामभाऊ पटवर्धनांनी टिपूच्या ताब्यातील धारवाडला वेढा घातला. त्यांच्या मदतीस कंपनीची जी पलटण होती तीत एडवर्ड मूर नावाचा तरुण लेफ्टनंट होता, आणि त्याने १७९४ साली आपल्या आठवणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. मराठ्यांच्या मोर्चातली तोफ भरली जाते, मग सारी मंडळी तिच्याभोवती गप्पा मारीत आणि हुक्का ओढीत अर्धा तास बसते, मग ती डागली जाते, आणि तटावर धुरळा उडाला की काम फत्ते मानून पुन्हा भरणे सुरू होते. भर दुपारी तर दोन्ही बाजू जणू ठरवून विसावा घेतात. धारवाड पडायला १७९१ चा एप्रिल उजाडला. मूरच्या या वर्णनात साहेबी ऐट आहे हे उघड आहे, आणि आपल्याकडचे वाचक ते वाचून एक तर चिडतात किंवा खजील होतात. मला मात्र त्यात आळस दिसत नाही. ज्या मोर्चात लहानमोठ्या तोंडांच्या, चार दरबारांकडून जमवलेल्या तोफा एकत्र ठेवलेल्या आहेत आणि गोळ्यांचा ढीग एकाच जागी पडलेला आहे, तेथे प्रत्येक बाराआधी गोळा निवडून, फिरवून, जोखून पाहावाच लागणार. आणि ज्याला आपली तोफ केव्हा दगा देईल याची खात्री नाही, तो गोलंदाज तिला निवायला वेळ देणारच. दोष त्या हुक्क्याचा नव्हे. गोळा घडणाऱ्याने ती तोफ पाहिलेली नव्हती, आणि ती डागणाऱ्याने भट्टी.

पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता. सासवडजवळचे सोनोरी हे त्यांचे गाव, आणि तेथल्या डोंगरावर भिवराव पानसे यांनी उभारलेला मल्हारगड हा सह्याद्रीत अगदी शेवटी बांधल्या गेलेल्या किल्ल्यांपैकी एक. हे घराणे लेखणीचे तसेच तलवारीचे. तोफांचा सरंजाम, गाडे, बैल, बेलदार, दारू, गोळे आणि गोलंदाजांचा रोजमुरा, हा सारा व्याप सांभाळून ते मोहिमेवर जात. या माणसांची कर्तबगारी मोठीच. पण एकाच घराण्याने छावणीही सांभाळायची आणि कारखान्यावरही नजर ठेवायची, हा भार कोणत्याही घराण्याला झेपण्यापलीकडचा होता. उत्तरेत महादजी शिंद्यांनी सँगस्टर नावाच्या स्कॉच कारागिराला आग्र्यास बसवून तोफांचे ओतकाम चालू केले, आणि त्या तोफांपुढे इंग्रजांनाही पुढे कस लागला; फरक इतकाच होता की तेथे भट्टी आणि पलटण यांच्यात रोजचे दळणवळण होते.

१८१८ च्या उन्हाळ्यात मेजर एल्ड्रिजची फौज जुन्नरच्या किल्ल्यांवर आली आणि थोड्याच दिवसांत ते सर्व पडले. चावंड, जीवधन यांच्या पायऱ्यांवर सुरुंग लावल्याच्या खुणा आजही चढताना पायाला लागतात. पेशवाई गेली म्हणजे नुसता पेशवा गेला नाही. शिलेदार, बारगीर, गोलंदाज, किल्ल्यावरचे शिबंदीवाले आणि त्यांना माल पुरवणारे लोहार-कासार-चांभार हे सारे एकाच पावसाळ्यात बेकार झाले. डोंगरातल्या महादेव कोळ्यांनी तर पुढली तीस वर्षे इंग्रजांना स्वस्थता दिली नाही. १८५७ च्या धामधुमीत याच कोळ्यांची एक पलटण कॅप्टन नटॉलच्या हाताखाली उभारून सरकारने मोठी चतुराई केली, आणि १८६१ मध्ये ती मोडून त्याच माणसांना पुन्हा डोंगरात धाडले. शिपाई म्हणून त्यांची कवाईत झाली, बंदूक खोलणे-जोडणे हाताला आले, आणि मग ते हात नाचणीच्या वाफ्यात परत गेले. त्या हातांना दुसरे काम देण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

खडकीच्या ज्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांच्या घोडदळाने इंग्रजांवर चाल केली, त्याच खडकीत १८६९ साली इंग्रजांनी दारूगोळ्याचा कारखाना काढला. आंबेगव्हाणची भट्टी थंड होऊन तेव्हा अर्धशतक उलटले होते. येथे गोळा नव्हे, काडतूस होई. आणि काडतुसाला आंबेगव्हाणच्या गोळ्यासारखी घणाची मर्जी सांभाळावी लागत नसे, कारण हजारावे काडतूस पहिल्यासारखेच निघाले पाहिजे ही त्याची पहिली अट. त्याच गावात बाँबे सॅपर्सचे ठाणे होते. पूल बांधणारे, सुरुंग लावणारे, रस्ता करणारे हे शिपाई. हातात पहार, कमरेला टेप, पाठीवर बंदूक. मावळातल्या आणि घाटमाथ्यावरच्या पोरांना शिपाईगिरी आणि हुन्नर ही जोडी पुन्हा एका जागी दिसली ती येथे.

पहिल्या महायुद्धात आपल्याकडील कित्येक खेड्यांतून माणसे मेसोपोटेमियात गेली. वेशीजवळ किंवा चावडीच्या भिंतीत बसवलेल्या दगडावर, या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत, असे आकडे अजून वाचता येतात. तैग्रिस नदीच्या वळणातल्या कूट या गावी जनरल टाउनशेंडच्या फौजेला तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ पासून कोंडले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी ती शरण गेली. त्या कोंडीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, सॅपर्सही होते. हा वेढा शौर्यापेक्षा उपासमारीसाठी प्रसिद्ध आहे, आणि ते यथार्थच आहे. घोड्याचे मांस खाण्यास आपल्या शिपायांपैकी बहुतेकांनी दीर्घकाळ नकार दिला आणि त्यांचे हाल अधिक झाले. परंतु त्या वेढ्याची दुसरी बाजू मला अधिक ओढ लावते. बाहेरून काहीच येत नाही म्हटल्यावर आतल्या माणसांनी मोडक्या विमानाच्या ग्नोम इंजिनातला सिलिंडर काढून त्याची उखळी तोफ केली, मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांचे हातबाँब केले. धान्य होते तर दळायला साधन नव्हते; तेव्हा विमानातून जात्याच्या तळ्या खाली टाकण्यात आल्या. आपल्या आयांच्या पहाटेच्या ओव्या ज्या दगडाभोवती फिरल्या, तो दगड आकाशातून उतरताना पाहून पुणे-साताऱ्याकडच्या शिपायाला काय वाटले असेल! तोफ डागणारा, ती जुळवणारा आणि तिच्यासाठी गोळा शोधणारा ही तिन्ही कामे त्या पाच महिन्यांत एकाच माणसाच्या गळ्यात पडली होती. धारवाडच्या मोर्चात जे अर्ध्या तासाच्या हुक्क्यात दडले होते, ते कूटमध्ये असे उघड्यावर आले.

त्या युद्धातून हात-पाय गमावून आलेल्यांसाठी १९१७ साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीच्या नावाची तांत्रिक शाळा निघाली आणि पुढे ती खडकीस आली. शिपायाला निवृत्तिवेतन द्यावे, जमीन द्यावी, बिल्ला द्यावा, इथवर सरकारची बुद्धी पूर्वीही चालत असे. त्याला फिटरचे, शिवणाचे, मोटारीच्या यंत्राचे काम शिकवावे, ही कल्पना नवी होती. लाकडी पाय लावलेला माणूस लेथसमोर उभा राहतो आणि त्याचे शाबूत हात पुन्हा पोट भरू लागतात, या दृश्यात करुणेला जागा थोडी आणि हिशेबाला अधिक आहे, आणि म्हणूनच ती शाळा टिकली असे मला वाटते.

याच सुमारास आंबेगाव-जुन्नरच्या कोरडवाहू गावांतून मुंबईच्या गिरण्यांकडे माणसांचा ओघ लागला होता. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू हा त्यांपैकीच एक. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे त्याने देह ठेवला. शिपाई आणि गिरणी कामगार या खेड्यांत एकाच ओसरीवर झोपत, एकाच जत्रेला घरी येत. एक बंदूक सांभाळी, दुसरा साचा. स्वातंत्र्यानंतर हा ओघ वळला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पिंपरी-चिंचवड-भोसरीचा माळ शेडांनी भरू लागला, आणि मुंबईकडे जाणारी माणसे नाशिक रस्त्याने खाली उतरू लागली. नारायणगाव, कळंब, मंचर, राजगुरुनगर, चाकण, मोशी, भोसरी: ज्याने हा रस्ता पाळीच्या बसमधून वर्षानुवर्षे केला आहे त्याला ही गावे झोपेतही धक्क्यांवरून ओळखता येतात.

फौजेतही एक मोठा पालट झालेला होता. रणगाडे, मोटारी, बिनतारी यंत्रे यांची दुरुस्ती हे स्वतंत्र शास्त्र झाल्यामुळे १९४३ साली हिंदी फौजेत ईएमई हे दल उभे राहिले, आणि त्यातल्या सर्वांत खालच्या हुद्द्याला नाव मिळाले ‘क्राफ्ट्समन’. पायदळात जो शिपाई, तोफखान्यात जो गनर, तो येथे कारागीर. रूमी खानाच्या काळी जी गोष्ट एका माणसाच्या अंगी योगायोगाने आली होती, तिला आता नियमावलीत जागा मिळाली.

अशाच एका क्राफ्ट्समनची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक असली पाहिजे. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातले, पेठ इस्लामपूरचे. बालवयातच फौजेत शिरलेले, ईएमईचे जवान आणि हाडाचे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या, त्यांतली एक मणक्यात रुतली आणि कमरेखालचे अंग गेले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवले, आणि मुष्टियुद्धाची जिद्द पोहण्यात शिरली. टाटांच्या टेल्कोने त्यांना पुण्याच्या कारखान्यात नोकरी दिली. टेल्कोचा हा कारखाना सुमंत मुळगावकरांनी उभारला तो उलट्या क्रमाने: आधी यंत्रे घडवणारी यंत्रशाळा आणि शिकाऊ मुलांची शाळा, मोटारी मागाहून. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पेटकरांनी पन्नास मीटर पोहण्याचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून भारताला त्या स्पर्धांतले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. प्रवासाची सोय व्हावी म्हणून क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी खटपट केली होती. सरकारला पद्मश्री द्यायला २०१८ उजाडले, आणि सर्वसामान्यांना त्यांचे नाव कळायला २०२४ सालचा हिंदी चित्रपट यावा लागला. आपण ती गोष्ट पाण्यातली म्हणून सांगतो. तिचा मोठा भाग कारखान्याच्या फाटकाआडचा आहे, रोज वेळेवर खुर्ची ढकलीत आत जाण्याचा, महिनाअखेर पगार उचलण्याचा, आणि त्या भागावर मात्र चित्रपट निघत नाही.

जुन्नर-आंबेगावकडे निवृत्त जवानाला सारे गाव ‘मेजर’ म्हणते, मग तो हुद्द्याने नाईक असो की हवालदार. पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून हा माणूस ऐन उमेदीत, चाळिशी गाठण्याआधी, ट्रंक घेऊन फाट्यावर उतरतो. पुष्कळांच्या वाट्याला बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभे राहणे येते, आणि मला हे नेहमीच अपव्ययाचे वाटत आले आहे. रणगाड्याचा गिअरबॉक्स वाळवंटात रातोरात उतरवून चढवलेला माणूस आपण दारवान म्हणून उभा करतो. पण जे ईएमईतून किंवा सॅपर्समधून आलेले असतात, त्यांतले काही जण भोसरी-चाकणच्या एखाद्या गाळ्यात शिरतात. गाळा म्हणजे पत्र्याखालची दोन-चार यंत्रे, कोपऱ्यात गणपतीचा फोटो, दाराशी लोखंडाच्या किसाचा ढीग आणि कूलंटचा आंबूस वास. तेथे मेजरांना बहुधा तपासणीच्या टेबलाशी बसवतात. मालकाला ठाऊक असते की, पाळी संपत आली, ट्रक दाराशी उभा राहिला आणि वरून फोनवर फोन आले, तरी हा माणूस न बसणारा नग बसला म्हणून सांगणार नाही. चुकीच्या मापाची वस्तू पुढे कोणाच्या हातात जाऊन काय करते, हे त्याने पाहिलेले असते.

टेबलावर पोलादाची दोन कडी असतात, आरशासारखी घोटलेली. एकातून नग सहज आरपार गेला पाहिजे, दुसऱ्याच्या तोंडाशी तो अडला पाहिजे. दोहोंतले अंतर केसाहूनही बारीक. मेजर नग उचलतात, फडक्याने पुसतात, पहिल्या कड्यातून सोडतात, दुसऱ्यावर टेकवतात. जोर लावायचा नाही. नगाने आपल्याच वजनाने जायचे किंवा थांबायचे. जो दुसऱ्याही कड्यातून घरंगळून हातात पडतो, त्याकडे ते क्षणभर पाहतात, आणि शेजारच्या लाल पेटीत टाकून पुढचा उचलतात.